पडक्या वास्तूंची देखणी चित्रं आणि त्यांतली बिननावाची माणसं

मोठ्या शहरातल्या जुन्या संग्रहालयात बहुधा एक दालन इंग्रजी अमलातल्या निसर्गचित्रांचं असतं. फिकट रंगांची ती चित्रं ओळीने लावलेली असतात. चित्रात एखादं देऊळ, लेणं किंवा किल्ला असतो, अर्धा ढासळलेला. भिंतीतून पिंपळ फुटलेला, कळसावर गवत, मागे मावळतीचं ऊन. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, दोन-चार माणसं. काठीला टेकलेला गुराखी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, उघड्या अंगाने बसलेला म्हातारा. माणसं इतकी लहान की चेहरा ओळखू येत नाही. चित्राखालच्या पट्टीवर वास्तूचं नाव असतं, गावाचं असतं, चित्रकाराचं असतं, सालही असतं. त्या माणसांचं नाव मात्र नसतं.

आपल्यातले अनेक जण आपल्या घरातून अशा दालनात पाऊल ठेवणारे पहिलेच असतात. तिथे गेल्यावर काय बघायचं हे आपल्याला पाठ्यपुस्तकाने आणि मार्गदर्शकाने आधीच सांगितलेलं असतं. वास्तू बघा, प्रकाश बघा, चित्रकाराचा हात बघा. आमचं म्हणणं असं की आधी कोपऱ्यातली माणसं बघा. या देशातल्या कष्टकरी जातींची माणसं त्या काळच्या निसर्गचित्रांत आली ती बहुतेक अशीच, उंच खांबाची उंची कळावी म्हणून उभी केलेली. एकदा त्यांच्याकडे लक्ष गेलं की तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. ही वास्तू कुणी घडवली? ती ओस का पडली? आणि आता इथे कोण राहतं? भग्नावशेषांचं देखणं चित्र या तिन्ही प्रश्नांना मोठ्या खुबीने बगल देतं.

ही चित्रपद्धत भारतात जन्मली नाही. सतराव्या शतकात क्लोद लोरँसारखे चित्रकार रोमच्या आसपासचे भग्न स्तंभ आणि कमानी सोनेरी उजेडात रंगवत होते. तिथून ही आवड इंग्लंडात गेली. अठराव्या शतकात विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने तिचं शास्त्रच केलं. कुठलं दृश्य चित्रात शोभतं आणि कुठलं शोभत नाही, याचे नियम त्याने सांगितले. १७७० मध्ये तो वाय नदीतून होडीने फिरला आणि त्या प्रवासाचं पुस्तक १७८२ मध्ये निघालं. त्यात टिंटर्न इथल्या पडक्या ख्रिस्ती मठाचं वर्णन आहे. गिल्पिनला मठाच्या भिंतींची टोकं फारच सरळ वाटली. कुणीतरी जाणत्या हाताने हातोडा घालून ती थोडी मोडली तर दृश्य सुधारेल, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्णनात पुढे माणसं येतात. मठाच्या आवारात झोपड्या करून राहणारे, भीक मागून जगणारे लोक. त्यांतली एक अपंग बाई भिक्षूंचं ग्रंथालय दाखवते म्हणून गिल्पिनला घेऊन गेली. ती जागा म्हणजे तिचं स्वतःचं घर निघालं, ओलीने गळणाऱ्या भिंतींची अंधारी खोली. गिल्पिनने हे प्रामाणिकपणे नोंदवलं, त्याला दयाही आली. पण पुढे टिंटर्नची जी चित्रं गाजली, त्यांत वेली आल्या, कमानीतून उतरणारा उजेड आला. तरुण टर्नरने १७९०च्या दशकात केलेली जलरंगचित्रं आजही लोक थबकून बघतात. त्या बाईची खोली मात्र चित्रांच्या परंपरेत आली नाही.

आणखी एक गोष्ट चित्रातून निसटली. टिंटर्नचा मठ काळाच्या ओघात पडला नव्हता. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद करण्याचा हुकूम निघाला, मालमत्ता जप्त झाली आणि छपराचं शिसं उतरवून नेलं गेलं. छप्पर गेल्यावर पाऊस आत आला आणि वेली त्यानंतर चढल्या. चित्रात आपल्याला फक्त वेली दिसतात. राजाचा हुकूम दिसत नाही. एका सत्तेने केलेलं काम निसर्गाच्या नावावर जमा होतं आणि बघणारा ‘काळापुढे कुणाचं काय चालतं’ असा सुस्कारा टाकून पुढे सरकतो.

हीच नजर घेऊन थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढची सात-आठ वर्षं ते उत्तरेत गढवालपासून दक्षिणेत मदुराईपर्यंत फिरले. परत गेल्यावर त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ चित्रांची मालिका १७९५ ते १८०८ या काळात छापली. इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत भारत म्हणजे काय, हे बऱ्याच अंशी या मालिकेने ठरवलं. १७९३ मध्ये ते मुंबईत असताना त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. वेल्स तेव्हा पश्चिम भारतातल्या लेण्यांची चित्रं करत होता. १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांचं २४ चित्रांचं पुस्तक काढलं. पुस्तकाच्या नावात वेरूळच्या डोंगरातलं ‘हिंदू’ खोदकाम असे शब्द आहेत.

वेरूळला ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू, शेवटची ५ जैन. त्या काळी युरोपीय माणूस इथल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गोष्टीला ‘हिंदू’ म्हणायचा, हे खरं. त्यामागे दुष्टावा होता असं आम्ही म्हणत नाही. पण नाव एकदा छापलं की ते चिकटतं. बाराही बौद्ध लेणी त्या एका शब्दाखाली गेली आणि चित्र बघणाऱ्याला तिथे वेगळा प्रश्न विचारावा असं काही राहिलंच नाही.

आता कारागिराकडे येऊ. त्या पुस्तकाच्या नावात वेल्स आहे, डॅनियल आहे. पण वेल्सच्या आधी वेरूळची लेणी कागदावर उतरवणारा एक मराठी माणूस होता. त्याचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणारी कारागीर जात. पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने त्याला हाताशी धरलं. गंगारामने मॅलेटसाठी वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडाही काढला. पुढे त्याने वेल्सबरोबर काम केलं. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कला-संग्रहात आहेत. महाराष्ट्रातल्या किती शाळांत त्याचं नाव सांगितलं जातं, हे वाचकांनी स्वतःच आठवून बघावं. हाताने काम करणाऱ्याला विद्या येते, हे मान्य करायला ब्राह्मणी व्यवस्थेला नेहमीच जड गेलं. इंग्रजी व्यवस्थेला हात हवा होता, पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव द्यायला जागा नव्हती. दोन्हींच्या मध्ये गंगाराम तांबट दोनशे वर्षं अडकून पडला.

वेरूळच्या लेण्यांची जुनी नावं मात्र याहून जास्त बोलतात. आज आपण लेणी क्रमांकाने ओळखतो. क्रमांक पडण्याआधी लोकांनी दिलेली नावं होती आणि त्यांतली बरीचशी ब्रिटिश नोंदींत उतरली. दहावं लेणं ‘सुतार की झोपडी’. चोविसावं ‘तेली की घाणी’. पंचविसावं ‘कुंभारवाडा’. दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांना ‘ढेडवाडा’ म्हणत, आणि पाचवं लेणं आजही ‘महारवाडा’ म्हणून ओळखलं जातं. पावसापाण्यात महार मंडळी तिथे आसऱ्याला येत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

ही नावं एका दमात वाचली की लक्षात येतं, हा तर आपल्या गावाचा नकाशा आहे. सुताराची झोपडी, तेल्याचा घाणा, कुंभारवाडा आणि कडेला महारवाडा. लेणी कुणी आणि कशासाठी कोरली हे विसरल्यावर लोकांनी त्या ओस दगडावर आपल्याला ठाऊक असलेली एकमेव रचना चढवली. ती जातीची. यातला विरोधाभास बघा. पाचवं लेणं हे सुमारे ३५ मीटर लांबीचं सभागृह आहे. मधोमध दगडात कोरलेल्या दोन लांबलचक, बुटक्या बैठका आहेत. भिक्षू तिथे एका ओळीत, एकाच पातळीवर बसून पाठ करत किंवा जेवत असावेत, असं अभ्यासक मानतात. सगळ्यांनी एका पंगतीला बसण्यासाठी केलेल्या या जागेला पुढे नाव मिळालं ते ज्यांना पंगतीबाहेर बसवलं त्यांच्या वस्तीचं. आणि तरीही पावसात त्या दालनाने ज्यांना आत घेतलं, ती माणसं नेमकी तीच होती. टिंटर्नची ती बाई आणि वेरूळचे ते महार यांच्यात समुद्र आडवा असला तरी दोघांची गोष्ट एकच आहे. शहाण्यांचा भग्नावशेष हा गरिबाचा निवारा असतो. चित्रकार येतो तेव्हा तो माणूस आधीच तिथे असतो.

मग घडवणाऱ्यांची नावं गेली कुठे? ती दगडावरच होती. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण इसवी सन १२०चा. त्यात विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवी ठेवल्याची नोंद आहे. एकीकडे २००० कार्षापण, दुसरीकडे १०००. व्याजाचा दरही लिहिला आहे, पहिल्या ठेवीवर महिन्याला शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा कपडा आणि इतर खर्च भागायचा. तिथेच अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसा ठेवला, तो कुंभारांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी भेटतात. कार्ल्याच्या चैत्याचं दार करणाऱ्या सुताराचं नाव, त्याच्या बापाच्या आणि गावाच्या नावासह, तिथे कोरलेलं आहे.

त्या श्रेणी म्हणजे आजच्या जाती, असा सरळ दावा आम्ही करत नाही. दीड-दोन हजार वर्षांत बरंच काही उलथलं. पण फरक तर दिसतो ना? नाशिकच्या दगडावर कुंभार आणि तेली हे संघटित, पत असलेले, धर्मादाय पैसा सांभाळायला विश्वासाचे लोक आहेत. वेरूळच्या बोलीतल्या नावांत कुंभारवाडा आणि तेल्याची घाणी ही नुसती खूण उरली आहे. आणि निसर्गचित्रात पोचेपर्यंत तो माणूस चेहरा नसलेला एक ठिपका झाला आहे. श्रेणीपासून ठिपक्यापर्यंतच्या या उताराला काळाचा महिमा म्हणून सोडून देता येत नाही. उत्पादन करणाऱ्याला समाजात खाली ढकलण्याची एक प्रक्रिया इथे घडली, तिला कर्ते होते आणि लाभार्थीही होते. ती कशी घडली, हा बाबासाहेबांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न आहे. प्राचीन भारतातल्या क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचं त्यांचं अपुरं राहिलेलं लेखन त्याच प्रश्नाचा पाठलाग करतं.

दगडावरची ही नावं चित्रकारांना दिसत होती, पण वाचता कुणालाच येत नव्हती. ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली होती. वेरूळ आणि इतर लेण्यांतल्या लेखांच्या नकला मॅलेटने पाठवल्या, त्या फ्रान्सिस विल्फर्ड या अधिकाऱ्याकडे पोचल्या. विल्फर्डला एक पंडित भेटला. त्याच्याकडे जुन्या लिप्यांची किल्ली आहे म्हणे! त्या आधारे त्याने लेख ‘वाचले’ आणि ते वनवासातल्या पांडवांशी संबंधित असल्याचं सांगितलं. विल्फर्डने ते विश्वासाने छापलं. प्रत्यक्षात वाचन साफ बनावट होतं. पुढे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली आणि भिक्षू, उपासिका, सुतार, विणकर हळूहळू दगडातून बाहेर येऊ लागले. पण लोकांच्या तोंडी नाशिकची लेणी अजूनही ‘पांडवलेणी’च आहेत. ज्याला वाचता येतं असं सगळे मानतात, तो सांगेल तो इतिहास होतो. पहिल्या पिढीत पदवी घेणाऱ्याला याहून मोठा धडा दुसरा नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही चित्रं नसती तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचं उदाहरण घ्या. तिथल्या जमीनदाराच्या कारकिर्दीत स्तूपाचे दगड बांधकामासाठी उपसले गेले. कॉलिन मॅकेन्झी १७९८ मध्ये तिथे पोचला आणि १८१६ नंतर त्याच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांची मापं घेऊन रेखाटनं केली. नंतर बरीच शिल्पं गायब झाली. जी टिकली त्यांतली काही चेन्नईत आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. काही शिल्पांचा तर आज कागदावरचा तेवढाच पुरावा उरला आहे. म्हणून ही चित्रं जाळून टाकावीत असं कुणी म्हणणार नाही. ती पुरावा म्हणून वाचावीत, एवढंच. पुरावा वाचणारा माणूस साक्षीदाराला विचारतो, तू काय पाहिलंस आणि काय पाहायचं टाळलंस?

हा प्रश्न जुन्या चित्रांपुरताही नाही. एखादी जागा ‘ओसाड, निर्मनुष्य, बेवारस’ अशी मनात ठसली की तिच्यावर हक्क सांगायला कुणीही येऊ शकतं आणि ज्यांचा हक्क आहे त्यांनाच तो सिद्ध करत बसावं लागतं. बोधगयेचं महाबोधी मंदिर शतकानुशतकं शैव महंतांच्या ताब्यात होतं. अनागरिक धर्मपाल १८९१ मध्ये तिथे पोचले आणि ते बौद्धांच्या हाती यावं यासाठी झगडले. स्वातंत्र्यानंतर १९४९चा कायदा आला, तोही अर्धा वाटा देणारा. व्यवस्थापन समितीवर ४ बौद्ध, ४ हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. २०२५ मध्ये भिक्षू आणि उपासक बोधगयेत आंदोलनाला बसले ते याच कायद्याविरुद्ध. भग्नावशेष कुणाचा, हा प्रश्न असा आजच्या तारखेचा आहे.

आणि भग्नावशेष बघायला कुणी जावं, हाही. दौलताबादचा किल्ला इंग्रज चित्रकारांचा आवडता विषय होता. रॉबर्ट ग्रिंडलेच्या १८२६ ते १८३०च्या चित्रसंग्रहात तो आहे. त्याच किल्ल्याच्या दारात १९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे ३० सहकारी पोचले. वेरूळची बौद्ध लेणी बघायला म्हणून निघालेली ही सहल होती. वाटेत दौलताबाद लागलं. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. ढेडांनी हौद बाटवला अशी आरडाओरड झाली, जमाव जमला, शिव्यागाळी झाली. ओरडणारे मुसलमान होते. हिंदूंसाठी जो अस्पृश्य, तो मुसलमानांसाठीही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदवलं आहे. शेवटी त्यांना किल्ल्यात सोडलं, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

चित्राच्या कोपऱ्यात बसलेला माणूस चालतो. तो दृश्याची शोभा वाढवतो. तोच माणूस पर्यटक होऊन, चौकशी करायला, आपल्या वारशाचा माग काढायला आला की शिपाई लागतो. भग्नावशेषाच्या चित्राचं सगळं राजकारण या एका प्रसंगात उघडं पडतं.

बाबासाहेबांनी याला दिलेलं उत्तरही त्याच परिसरात उभं आहे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्या राजाची आणि राजाशी बरोबरीने वाद घालणाऱ्या भिक्षूची ही नावं. जवळच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. मराठवाड्यातल्या हजारो घरांतली पहिली पदवी या आवारातून गेली. ज्यांना किल्ल्यात शिपायाच्या पहाऱ्यात फिरावं लागलं, त्यांनी लेण्यांच्या शेजारी ग्रंथालय उभं केलं.

तेव्हा पदवी हातात असलेल्या आपल्या वाचकांना आमचं सांगणं साधं आहे. तुम्ही बिहारमध्ये असा, आंध्रात असा की विदर्भात, तुमच्या जिल्ह्यात एखादा स्तूप, लेणं, गढी किंवा पडका तलाव असेलच. तिथे जा. जुनं चित्र मिळालं तर बरोबर न्या आणि शेजारी धरून बघा. चित्रात जिथे माणूस बसवला आहे तिथे आज कुणाची वस्ती आहे, तिथले लोक त्या जागेला काय म्हणतात, पुरातत्त्व खात्याच्या फलकावर त्यातलं काय आलं आणि काय गळलं, हे लिहून काढा. लोकांनी दिलेली नावं, अगदी अपमानाची असली तरी, नोंदवून ठेवा. ‘महारवाडा’ पुसून ‘लेणे क्र. ५’ लिहिल्याने अपमान गेला असं वाटतं, पण त्याबरोबर पावसात तिथे कुणी दिवस काढले ही साक्षही जाते. ब्राह्मी शिका. तिची मूळ अक्षरं मोजकी आहेत, काही आठवड्यांच्या सरावात ती ओळखू येऊ लागतात आणि मग कुणा पंडिताच्या किल्लीची गरज उरत नाही. हात चालत असेल तर चित्र काढा. गंगाराम तांबटाने तुमच्या आधी ते केलं आहे.

फक्त माणसं काढताना ती ठिपक्याएवढी काढू नका. चेहरे काढा आणि खालच्या पट्टीवर त्यांची नावं लिहा.